चिठ्ठी दोनदा का काढायची? नमुना, चल आणि संशोधनाचा आराखडा

28, 71 आणि 46. हे तीन आकडे आधी लक्षात ठेवा. संशोधनाचा आराखडा कशासाठी असतो हे मला या तीन आकड्यांनी जितकं नीट समजावलं, तितकं कुठल्याही व्याख्येनं समजावलेलं नाही.

1954 साली अमेरिकेत जोनास सॉल्क यांच्या पोलिओ लसीची प्रचंड मोठी चाचणी झाली. काही भागांत शाळकरी मुलांच्या पालकांना आधी विचारलं गेलं, मुलाला या चाचणीत घ्यायचं का? ज्यांनी होकार दिला त्यांच्या मुलांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एका गटाला लस मिळाली. दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी, पण लस नसलेली सुई मिळाली. दोन्ही गटांत प्रत्येकी साधारण 2 लाख मुलं होती. नकार देणाऱ्या पालकांची मुलं साधारण साडेतीन लाख. त्यांना काहीच टोचलं नाही, फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवलं. शेवटी दर लाख मुलांमागे पोलिओचं प्रमाण मोजलं तेव्हा लस मिळालेल्यांत 28, खोटी सुई मिळालेल्यांत 71 आणि नकार दिलेल्यांत 46 असं निघालं.

28 आणि 71 यांचा अर्थ लगेच कळतो: लस काम करते. अडतं ते 46 वर. लस तर 71 आणि 46 वाल्या दोन्ही गटांना मिळालेली नव्हती, आणि त्या खोट्या सुईत पोलिओ होण्यासारखं काही नव्हतं. मग जिथे काहीच टोचलं नाही तिथे आजार कमी कसा?

उत्तराकडे शेवटी येतो. तिथे पोचायला दोन प्रश्न वेगळे ओळखता आले पाहिजेत. आपण कोणाकडे पाहिलं, हा पहिला. आपण काय बदललं आणि त्याच्याबरोबर आपल्या नकळत आणखी काय बदललं, हा दुसरा. पहिला प्रश्न नमुना निवडीचा, दुसरा चलांचा, म्हणजे बदलणाऱ्या गोष्टींचा. गंमत अशी की दोन्हींच्या उत्तरात चिठ्ठी काढणं येतं आणि दोन्ही ठिकाणी पुस्तकं 'यादृच्छिक' हाच शब्द वापरतात. त्यामुळे बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात ही दोन कामं एकमेकांत मिसळून जातात, आणि मग प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात असे दावे येतात ज्यांना आधीच्या प्रकरणांचा आधारच नसतो.

पाहिलेल्यांवरून न पाहिलेल्यांबद्दल

रक्ततपासणीला थोडंसं रक्त पुरतं. ते पुरतं याचं कारण हृदय सगळं रक्त सतत फिरवत, ढवळत असतं. माणसं अशी ढवळलेली नसतात. वय, काम, पैसा, शिक्षण, स्वभाव यांनुसार ती गटागटांनी राहतात, आणि संशोधकाचा हात साहजिकच जवळच्या गटापर्यंत पोचतो. नमुना निवडीच्या सगळ्या चांगल्या पद्धती म्हणजे जे मुळात ढवळलेलं नाही ते ढवळून घेण्याच्या युक्त्या आहेत.

ज्यांच्याबद्दल आपल्याला बोलायचं आहे त्या सगळ्यांना मिळून समष्टी म्हणतात. समष्टी माणसांचीच असते असं नाही. एखाद्या जंगलातली सगळी झाडं, कारखान्यात एका महिन्यात तयार झालेले सगळे बल्ब, एखाद्या दप्तरखान्यातली सगळी पत्रं, हीसुद्धा समष्टीच. तिच्यातला जो भाग आपण प्रत्यक्ष तपासतो तो नमुना. या दोन्हींच्या मध्ये मात्र एक तिसरी गोष्ट असते आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात: जिच्यातून नमुना उचलायचा ती यादी. पुस्तकी नाव नमुना चौकट. समष्टी तुमच्या डोक्यात असते, हातात असते ती यादी. यादीत जो नाही त्याच्या वाट्याला चिठ्ठी कधीच येणार नाही.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 1936 सालचं आहे. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे 1 कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. 23 लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून आल्फ लँडन यांना 57 टक्के मतं मिळतील असा अंदाज छापला गेला. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट सुमारे 61 टक्के मतं घेऊन 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी साधारण 50 हजार लोकांच्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं होतं.

डायजेस्टचे पत्ते आले होते टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती ते वेगळं सांगायला नको. ही झाली यादीची चूक. दुसरी चूक तेवढीच मोठी होती आणि सांगताना ती बहुतेक वेळा राहून जाते: 1 कोटींपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी उत्तरच दिलं नाही. पाकीट भरून परत पाठवणारा माणूस आणि ते बाजूला टाकून देणारा माणूस सारखे असतात असं आपण परस्पर गृहीत धरू शकत नाही. यादी निर्दोष असती तरी ही दुसरी फट उरलीच असती. आज मोबाईलवर फिरणाऱ्या प्रश्नावल्यांची नेमकी हीच अडचण आहे.

इथून एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी असं मला वाटतं. नमुना मोठा केल्याने पक्षपात कमी होत नाही. वाकडी मोजपट्टी हजार वेळा लावली तरी ती वाकडंच मोजते, फरक इतकाच की आता आपला त्या मापावरचा विश्वास वाढलेला असतो. आकारामुळे कमी होते ती फक्त योगायोगाने होणारी चूक, आणि तीही फार कंजूषपणे. साध्या यादृच्छिक नमुन्यात 1,000 लोक घेतले तर टक्केवारीत साधारण 3 टक्के इकडे किंवा तिकडे इतकी चूक धरावी लागते (95 टक्के खात्रीच्या पातळीवर). ती निम्मी करायची तर 2,000 पुरत नाहीत, 4,000 लागतात, कारण चूक नमुन्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. अनेकांना पटत नाही असा याचाच दुसरा भाग म्हणजे, समष्टी 10 लाखांची असो की 100 कोटींची, 1,000 च्या नमुन्याची अचूकता जवळपास तीच राहते. 'एकूण संख्येच्या 10 टक्के नमुना घ्यावा' हा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्याला काही आधार नाही.

आता 'यादृच्छिक' या शब्दाविषयी. मूळ अर्थाने यदृच्छा म्हणजे आपसूक घडणं, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की यादृच्छिक म्हणजे मनात येईल तसं उचलणं. संशोधनात अर्थ नेमका उलट आहे. समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची शक्यता किती आहे ते आधीच माहीत असलं पाहिजे, ती शून्य असता कामा नये, आणि निवड संशोधकाच्या इच्छेबाहेर घडली पाहिजे. त्यासाठी शिस्त लागते. 1 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकेत सैन्यभरतीचा क्रम ठरवायला वर्षातल्या 366 तारखांच्या कुप्या एका भांड्यातून काढल्या. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या होत्या आणि नीट मिसळल्या नव्हत्या. परिणाम असा की वर्षअखेरीस जन्मलेल्या तरुणांच्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. चिठ्ठी काढणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, पण हेतूने कुप्या मिसळत नाहीत. म्हणूनच आज यादृच्छिक संख्यांचा तक्ता किंवा संगणक वापरतात.

यादीतून थेट अशा चिठ्ठ्या काढल्या की तो साधा यादृच्छिक नमुना. यादी लांबलचक असेल तर सुरुवात चिठ्ठीने ठरवून पुढे दर पन्नासावं नाव घेतात. ती पद्धतशीर निवड. ती सोपी आणि चांगली आहे, फक्त यादीत दडलेला ताल तेवढा तपासावा. वर्षभरातल्या दर सातव्या दिवसाची नोंद घेतली तर प्रत्येक वेळी एकच वार हाती येईल.

स्तरित आणि समूह नमुना या दोन पद्धतींची मात्र नेहमी अदलाबदल होते, म्हणून त्यांवर थोडं थांबू. स्तरित पद्धतीत समष्टीचे आधी थर पाडतात, उदाहरणार्थ वयोगट, आणि मग प्रत्येक थरातून चिठ्ठीने माणसं घेतात. थराच्या आत माणसं एकमेकांसारखी आणि थराथरांत फरक मोठा, असं असेल तर कमी माणसांत जास्त अचूक उत्तर मिळतं. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी 1934 साली याचं गणित नीट मांडलं, आणि 'आपल्या समजुतीने प्रातिनिधिक वाटणारी माणसं निवडू' या तोवरच्या प्रथेला त्यांच्या त्या निबंधाने मोठा धक्का दिला. समूह पद्धतीत वस्त्या, शाळा, वॉर्ड असे तयार गट धरतात, त्यांतले काही चिठ्ठीने निवडतात आणि फक्त त्यांच्याच आत जातात. थोडक्यात, स्तरित नमुन्यात सगळ्या गटांतून थोडे येतात, समूह नमुन्यात थोड्या गटांतून सगळे किंवा बरेच. पहिली पद्धत अचूकतेसाठी वापरतात, दुसरी खर्च आणि पायपीट वाचवण्यासाठी. त्या बचतीची किंमत अचूकतेत चुकवावी लागते, कारण एकाच वर्गातली 20 मुलं एकमेकांसारखी असतात. त्यांच्याकडून 20 वेगवेगळ्या ठिकाणच्या मुलांइतकी माहिती मिळत नाही. 50 वर्गांतली प्रत्येकी 20 मुलं घेऊन 'आमचा नमुना 1,000 चा' असं म्हणणारे प्रबंध आपली अचूकता फुगवून सांगत असतात. असं हिशोब न बदलता केलेलं विश्लेषण मी इतक्यांदा पाहिलं आहे की ही चूक आता चूक वाटेनाशी झाली आहे, याचं वाईट वाटतं.

चिठ्ठीशिवायचे नमुनेही असतात. हाताशी असलेली माणसं घेतली की सोयीचा नमुना. ओळखीतून ओळख काढत गेलं की स्नोबॉल. कोटा पद्धत दिसायला स्तरित पद्धतीसारखी आहे: इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके तरुण. पण त्या चौकटीत कोणाला घ्यायचं हे मुलाखत घेणारा ठरवतो, आणि तो बोलायला तयार असलेल्या, सहज भेटणाऱ्या माणसाकडे वळतो. 1948 साली अमेरिकेतल्या मोठ्या जनमत चाचण्यांनी कोटा पद्धतीने थॉमस ड्युई जिंकणार असं सांगितलं आणि हॅरी ट्रुमन जिंकले. गॅलपही त्यात होते. चाचण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवल्या होत्या हेही एक कारण होतं, पण कोटा पद्धतीवरचा विश्वास त्यानंतर ओसरला.

म्हणून सोयीचा नमुना वापरूच नये का? तसं नाही. लपून राहणाऱ्या, यादीच नसलेल्या गटांपर्यंत पोचायचं असेल तर स्नोबॉलशिवाय अनेकदा मार्ग नसतो. प्रश्नावली तपासून पाहण्यापुरते ओळखीचे लोकही चालतात. मात्र ओळखीच्या समूहात लिंक पाठवून 'यादृच्छिक पद्धतीने 100 प्रतिसादक निवडले' असं लिहू नये. तिथे निवड झालेलीच नसते. जे आले ते आले.

नमुना बरोबर निघाला तरी मोजणी चुकू शकते, आणि या बाबतीत भारतीय संख्याशास्त्रज्ञांनी जगाला बरंच शिकवलं आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमधल्या तागाच्या पाहणीपासून एक युक्ती वापरत आले: एकाच भागात दोन स्वतंत्र उपनमुने काढायचे, दोन वेगळ्या तुकड्यांकडून त्यांची मोजणी करून घ्यायची आणि उत्तरं ताडून पाहायची. उत्तरं फारच वेगळी आली तर दोष कदाचित शेतात नसून मोजणाऱ्यांत असतो. पुढे 1950 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागे हाच अनुभव होता. पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांत दाखवून दिलं की फार लहान चौकटी आखल्या तर उत्पन्न वाढवून मोजलं जातं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, या शंकेत मोजणारा ते आत धरतो, आणि लहान चौकटीला क्षेत्राच्या मानाने कड जास्त असते. चौकट केवढी असावी यावर या दोघांचे मतभेद होते. एका रोपाच्या जागेवरून साऱ्या देशाच्या धान्याचा अंदाज हलू शकतो, हे पाहून मला या विषयाबद्दल खरा आदर वाटू लागला.

काय बदललं आणि सोबत काय बदललं

आता चलांकडे. जे माणसागणिक, वेळेगणिक किंवा स्थितीगणिक बदलतं आणि मोजता किंवा वर्गवारीत घालता येतं, ते चल. समजा आपल्याला पाहायचं आहे की जास्त झोप घेतल्याने दुसऱ्या दिवशी पाठांतर चांगलं आठवतं का. झोप हे स्वाश्रयी चल, कारण परिणाम तिचा होतो असा आपला कयास आहे. आठवण हे आश्रयी चल, कारण ती झोपेवर अवलंबून असावी. (काही पुस्तकांत स्वतंत्र आणि परतंत्र चल असे शब्द येतात, अर्थ तोच.)

नावं देणं सोपं आहे. कस लागतो तो पुढे, 'झोप म्हणजे नेमकं काय' हे ठरवताना. अंथरुणावर किती तास होतो हे माणसाने सांगितलेलं? मनगटावरच्या यंत्राने नोंदवलेलं? की प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरींवरून मोजलेलं? आणि आठवण म्हणजे 30 शब्दांपैकी किती शब्द न पाहता सांगता आले, की समोर ठेवलेल्या शब्दांपैकी किती ओळखता आले? याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. तुमचा निष्कर्ष शेवटी या व्याख्येपुरताच खरा असतो. 'ताण', 'अभिरुची', 'आत्मविश्वास' असे मोठे शब्द शीर्षकात घालून आत पाच प्रश्नांची बेरीज ठेवली, तर अभ्यास त्या पाच प्रश्नांचा झाला.

आता 200 लोकांना त्यांची झोप आणि त्यांची आठवण विचारली, आणि जास्त झोपणाऱ्यांची आठवण चांगली निघाली. झोपेमुळे का? कदाचित. पण ज्यांच्या मागे काळजी आहे त्यांना झोपही नीट लागत नाही आणि त्यांचं मनही थाऱ्यावर नसतं. म्हणजे काळजी हे तिसरं चल दोन्ही टोकांना धरून ओढत असेल. अशा चलाला कन्फाउंडर म्हणतात, मराठीत मी त्याला गुंतवणारं चल म्हणतो. याच्या उलट मधलं चल असतं: झोपेने लक्ष एकाग्र होतं आणि एकाग्रतेने आठवतं. एकाग्रता ही कारणाच्या वाटेवरचीच पायरी आहे. तिला 'नियंत्रित' केलं तर आपण जो परिणाम मोजायला निघालो त्याचाच एक भाग पुसून टाकतो. संगणकाला दोन्ही चलं सारखीच दिसतात. कोणतं गुंतवणारं आणि कोणतं मधलं हे विषय जाणणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं, म्हणून हाती लागेल ते प्रत्येक चल विश्लेषणात कोंबण्याची सवय घातक आहे. आणखी एक प्रकार म्हणजे परिणामाची ताकद बदलणारं चल, जसं वय: तरुणांत झोपेचा फायदा मोठा आणि वृद्धांत लहान असू शकेल.

गुंतवणाऱ्या चलाला आवरण्याचा जुना मार्ग म्हणजे इतर सगळं सारखं ठेवणं. 1747 साली 'सॅलिसबरी' जहाजावर तिथले डॉक्टर जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झालेले 12 खलाशी घेतले, शक्य तितके एकसारखे, आणि दोघादोघांना सहा वेगळे उपाय दिले. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे लवकर सुधारले. पद्धत सुंदर होती, पण ती आपल्याला ठाऊक असलेल्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपुरतीच चालते. जे चल आपल्याला सुचलेलंच नाही ते सारखं कसं ठेवणार?

याचं उत्तर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या शेतांत मिळालं. जमिनीचा कस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलतो. खत इकडे आणि बिनखत तिकडे घातलं तर फरक खताचा की मातीचा ते कळत नाही. त्यांनी शेताचे पट्टे पाडले आणि कुठल्या तुकड्याला काय मिळेल ते चिठ्ठीवर सोडलं. मग मातीचा कस, ओल, किडी, आणि ज्यांचं नावही आपल्याला माहीत नाही अशा गोष्टी, सगळ्या दोन्ही बाजूंना योगायोगानेच वाटल्या जातात. उरलेला असमतोल किती असू शकेल हेसुद्धा गणिताने सांगता येतं. 1935 साली त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडलं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत उपयोगी कल्पनांत हिची गणना व्हावी: अज्ञाताशी लढायला ज्ञान नव्हे, चिठ्ठी पुरते.

चिठ्ठीत दयेचा हात पडला तर काय होतं, ते 1930 साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरमध्ये दिसलं. शाळेत दूध दिल्याने मुलांची वाढ सुधारते का हे पाहायला 20 हजार मुलं घेतली: 10 हजारांना दूध, 10 हजारांना नाही. निवड आधी चिठ्ठीने किंवा अक्षरक्रमाने करायची होती, पण एखाद्या गटात धडधाकट किंवा कुपोषित मुलं जास्त वाटली तर शिक्षकांना अदलाबदल करायची मुभा होती. शिक्षकांनी माणुसकीनेच वागून गरीब, अशक्त मुलांकडे दूध वळवलं असावं. सुरुवातीलाच दूध न मिळणारी मुलं उंचीवजनाने सरस निघाली आणि तुलना बिघडली. वर मुलांचं वजन कपड्यांसकट, फेब्रुवारीत आणि जूनमध्ये घेतलेलं. खात्यापित्या घरच्या मुलांचे हिवाळ्यातले कपडे जड असणार, त्यामुळे त्यांच्या वजनवाढीतून कपड्यांचा फरक जास्त वजा झाला. 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी पुढच्या वर्षी हे सगळं उलगडलं आणि सुचवलं की जुळ्या भावंडांच्या 50 जोड्या घेऊन, नाणं उडवून जोडीतल्या एकाला दूध दिलं असतं तर कितीतरी कमी खर्चात जास्त विश्वासाचं उत्तर मिळालं असतं. 20 हजारांपेक्षा 50 जोड्या भारी, हे वाक्य प्रत्येक संशोधन विभागाच्या दारावर लावावं.

म्हणूनच 1948 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या, स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी वाटणी बंद पाकिटांत ठेवली. पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे त्याला दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरला आधी कळायचं नाही. क्षयाचे 107 रुग्ण. औषध मिळालेल्या 55 पैकी 4 जण सहा महिन्यांत दगावले, फक्त विश्रांती मिळालेल्या 52 पैकी 14. छातीचे एक्स-रे वाचणाऱ्यांना रुग्ण कुठल्या गटातला ते माहीत नव्हतं. औषधाचा साठाच अपुरा होता, सगळ्यांना देणं शक्य नव्हतं, म्हणून चिठ्ठी इथे न्याय्यही होती.

आणि ते 46

आता सॉल्क लसीकडे परत येऊ. होकार देणारे पालक तुलनेने सुस्थितीतले जास्त होते. आणि पोलिओ हा त्या काळी स्वच्छ, सुस्थितीतल्या घरांना जास्त छळणारा आजार होता. दाटीच्या, अस्वच्छ वस्तीत मुलाला विषाणूची लागण अगदी तान्हेपणी होते. आईकडून मिळालेलं संरक्षण तेव्हा अंगात असतं, आजार सौम्य होऊन जातो आणि प्रतिकारशक्ती मागे राहते. स्वच्छ घरातल्या मुलाची विषाणूशी गाठ उशिरा पडते, कवच उतरल्यावर. म्हणून होकार देणाऱ्यांत मुळातच धोका जास्त होता, 71. आणि नकार देणाऱ्यांत कमी, 46. पालकांचा होकार हेच गुंतवणारं चल होतं.

चाचणीच्या दुसऱ्या काही भागांत चिठ्ठी काढली नव्हती. तिथे दुसरीतल्या, होकार मिळालेल्या मुलांना लस दिली आणि त्यांची तुलना पहिली आणि तिसरीतल्या सगळ्याच मुलांशी केली. आकडे आले 25 आणि 54. तुलनेच्या गटात होकार देऊ शकले असते असे आणि नकार देणारे दोन्ही मिसळलेले, म्हणून लसीचा फायदा खऱ्यापेक्षा लहान दिसला. तीच लस, तेच वर्ष. फक्त आराखडा वेगळा.

गुंतागुंत नेहमी याच दिशेने फसवते असं नाही. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासांत वर्षानुवर्षं दिसत होतं. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीत 16,608 स्त्रियांमध्ये चिठ्ठीने वाटणी केली, आणि 2002 साली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही हार्मोन एकत्र देण्याचा तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. हृदयविकार कमी होणं दूरच, त्याचा धोकाही थोडा वाढलेला दिसला. आपणहून हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया एरवीही जास्त सुस्थितीतल्या आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या असायच्या. पण या चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. नुकतीच पाळी थांबलेल्या, पन्नाशीतल्या स्त्रीला हे उत्तर जसंच्या तसं लागू पडतं का, यावर नंतर बराच वाद झाला.

हा वाद पहिल्या, निवडीच्या चिठ्ठीचा आहे, दुसऱ्या, वाटणीच्या चिठ्ठीचा नव्हे. वाटणीच्या चिठ्ठीने 'मुळे' हा शब्द वापरायचा हक्क मिळतो; 'सगळ्यांना' हा शब्द वापरायचा हक्क निवडीच्या चिठ्ठीने मिळतो. जनमत चाचणीत निवड चिठ्ठीने होते पण वाटणी नसतेच, म्हणून ती लोकांचं मत सांगते, त्याचं कारण सांगू शकत नाही. औषधाच्या चाचणीत वाटणी चिठ्ठीने होते पण माणसं आपणहून आलेली असतात. दोन्ही चिठ्ठ्या एकाच अभ्यासात क्वचितच काढता येतात, आणि मोबाईलवरच्या लिंकमधून आलेल्या अभ्यासात बहुधा एकही नसते.

सॉल्क चाचणीतसुद्धा 28 आणि 71 यांची तुलना होकार देणाऱ्यांपुरतीच होती. 12 एप्रिल 1955 रोजी निकाल जाहीर झाला, त्याच दिवशी लसीला परवाना मिळाला, आणि ती त्या साडेतीन लाख मुलांसारख्या मुलांनाही टोचली जाऊ लागली. त्यांच्या बाबतीत ती चालेल हा भरवसा चिठ्ठीतून आलेला नव्हता. तो आला होता लस शरीरात प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी प्रथिनं) कशी तयार करते, या प्रयोगशाळेतल्या ज्ञानातून.